दातवाल्या बाईंची खिडकी

आसपासचे दंतवैद्य त्यांना 'दातवाल्या बाई' म्हणत. कुणाचा दात तुटला, पडला की डॉक्टर माप घेऊन पाठवायचे आणि बाई घरातल्या मागच्या खोलीत बसून नवा दात घडवायच्या. लग्नाआधी एका लॅबमध्ये शिकलेलं काम. दात घडवणं जमून जातं, त्या म्हणायच्या. खरा जीव जातो तो शेजारच्या दाताशी रंग जुळवताना. पिवळसर पांढरा, राखाडी पांढरा, किंचित गुलाबी पांढरा. दिव्याखाली सगळे सारखेच दिसतात. उजेड लागतो तो बाहेरचा.

आणि बाहेरचा उजेड यायचा पश्चिमेच्या एकुलत्या एका खिडकीतून. दुपार कलली की ऊन थेट टेबलावर, त्यात शेजारी दात भाजायची छोटी भट्टी. पडदा ओढला तर रंग दिसेना, उघडा ठेवला तर दाताबरोबर बाईही भाजून निघत. पंखा लावला की टेबलावरची दात घडवायची पूड उडे. एसी दिवसभर घरघरून वीज खाई आणि खोली होती तशीच.

"काचच बदलून टाकू," नवरा एकदा म्हणाला, आणि त्या दिवसापासून घरात सगळेच तज्ज्ञ झाले.

नवऱ्याने फोनवर व्हिडिओ बघायचा सपाटा लावला. आज दुहेरी काच, उद्या चिकटवायची फिल्म, परवा आणखी काही. विचारलं की म्हणे, "अगं, अभ्यास चाललाय." सासूबाई म्हणाल्या, "खिडकीच बुजवून टाका, कटकट नको." आणि धाकटे दीर जेवायला आले की हात धुता धुता सुरू करत, "वहिनी, गडद काच! माझ्या गाडीला आहे ना, आत कसं गार वाटतं."

"भाऊजी, गाडीत तुम्ही दात बनवता का?"

"तुम्ही पण ना, वहिनी!"

उन्हाळा चढत गेला, अभ्यास काही संपेना. एक दिवस हातातला दात घामाने निसटून टेबलाखाली गेला. तो शोधायला बाई गुडघ्यांवर बसल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अहो, काहीही बसवा, पण बसवा एकदाचं!"

तेवढंच पुरलं. दुसऱ्या दिवशी त्या लांबच्या दवाखान्यात काम पोचवून परतल्या, तर खिडकीत गडद हिरवी काच आणि तिच्यापुढे दोघे भाऊ हार घालून घ्यायला उभं राहावं तसे उभे.

"कशी आहे?" नवऱ्याने विचारलं.

"संध्याकाळ झाली का?" बाई म्हणाल्या. दुपारचे तीन वाजले होते. त्यांनी काचेवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. बाहेरचं ऊन पिऊन काच तव्यासारखी तापली होती आणि तीच धग आता आत सोडत होती.

पण काम थांबवून चालणार नव्हतं. एका मुख्याध्यापिकेचा समोरचा दात होता, शाळेचा समारंभ तोंडावर आलेला. बाईंनी दिवा लावला, अंदाजाने रंग धरला आणि दात पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन. "बाई, हा दात त्यांचाच ना? त्या हसल्या की फक्त तोच दिसतोय."

इतक्या वर्षांत असं ऐकून घ्यायची वेळ आली नव्हती. बाई डोकं धरून बसल्या. नवरा हळूच म्हणाला, "सवय होईल गं डोळ्यांना."

"मला होईल. मुख्याध्यापिकेला कशी होईल?"

त्या उठल्या, वेगवेगळ्या रंगांचे नमुन्याचे दात लावलेली पट्टी पिशवीत टाकली आणि एकट्याच काचेच्या दुकानात गेल्या. दुकानदार सांगू लागला, ही काच दिसायला भारी, ही बाहेरून आरशासारखी. "मला दिसायला नकोय, बघायला हवीय," त्या म्हणाल्या. "उजेड येऊ दे, उष्णता नको. आहे असं काही?"

होतं. दोन काचा, मधे बंद पोकळी, आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणारा पातळ थर. तो थर उष्णता परतवतो, उजेड बराचसा आत सोडतो. बाईंनी नुसत्या ऐकण्यावर मान डोलावली नाही. एकेक नमुना घेऊन त्या दारात गेल्या आणि काचेआड दातांची पट्टी धरून पाहू लागल्या. पहिल्यात दात हिरवट, दुसऱ्यात आजारी. रस्त्यावरचा एकजण थबकून म्हणाला, "इथे दातही मिळतात का?" बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो चालता झाला. चौथ्या नमुन्यात दात दातासारखे दिसले.

पण ती जोडकाच जुन्या चौकटीत मावेना, म्हणून चौकट बदलायची ठरली. सुतार चार दिवस 'आलोच' म्हणत राहिला. बसवणारा आला तेव्हा दीरही हजर झाले आणि थर नक्की कोणत्या बाजूला हवा यावर त्याच्याशी वाद घालू लागले. "भाऊजी," बाई म्हणाल्या, "चहा हवा असेल तर स्वयंपाकघरात बसा."

काच बसली. दुपारी ऊन आलं, टेबल उजळलं, पण अंगावर तो चटका नव्हता. भट्टीची धग होतीच, तरी एसी आता मधेमधे शांत बसू लागला. मुख्याध्यापिकेचा दात बाईंनी पुन्हा केला, आणि या वेळी डॉक्टरांनीच फोन करून विचारलं, यातला नवा दात कोणता.

आता निवांत काम करता येईल असं वाटलं, तोच सासूबाई उशी घेऊन आल्या. "इथे बरं वाटतं गं," म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. पाठोपाठ नवरा फोन घेऊन कोपऱ्यात बसला. थोड्या वेळाने दोघेही घोरू लागले. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला, खुर्ची जरा खिडकीकडे सरकवली आणि पुढचा दात उजेडात धरला.