ठकूबाईंच्या लेकीला घाई नव्हती

इंदुताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात पहिला लेख मी लिहावा, असे संपादक मंडळाने ठरवले. मी गावच्या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक, ताईंचा शेजारी, आणि गेली कितीतरी वर्षे त्यांच्याकडून शाळेतल्या मुलांना वाचन आणि अभिनय शिकवून घेणारा माणूस. तेव्हा हा मान माझाच, असे सर्वांना वाटले. मी तीन वेळा नाही म्हटले. मंडळींना तो विनय वाटला. तो विनय नव्हता, ती लाज होती. ती कशाची, हे सांगितल्याशिवाय ताईंविषयी एकही चांगला शब्द माझ्या लेखणीतून उतरेना. म्हणून आधी ते सांगतो, आणि मग गौरवाकडे वळतो. गावाचे नाव मुखपृष्ठावर आहेच. माझ्या करणीखाली ते पुन्हा लिहीत नाही.

ताईंची प्रत्यक्ष भेट होण्याच्या खूप आधी मी त्यांना पाहिले ते टीव्हीच्या पडद्यावर. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. हिंदीचा शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. गणेशोत्सवात आमचे मंडळ नारायणगावहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे. त्या आठवड्यात लाईट दुपारची होती, म्हणून शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना गोणपाट लावून भर दुपारी सिनेमे चालायचे. व्हीसीआरशेजारची खुर्ची माझी. आमच्या बायाबापड्यांना हिंदी समजत नसे, तेव्हा पडद्यावर कोण काय म्हणाले ते मी मोठ्याने मराठीत सांगायचे, अशी पद्धत पडली होती. मला ते आवडायचेही. नायक दोन वाक्ये बोलला तर मी चार सांगायचो.

त्या वर्षी एका कॅसेटमध्ये आपल्या गावच्या ठकूबाईंची इंदू आहे, अशी बातमी आली. ठकूबाई म्हणजे इंदुताईंच्या मातोश्री. नवरा लवकर गेला. लोकांच्या वावरात कांदा काढून त्यांनी ही एक लेक वाढवली. लेक सोळाव्या वर्षी मुंबईला मावशीकडे गेली. मावशी फिल्मी कपडेपटात शिवण करायच्या. एके दिवशी सेटवर ताट धरून उभी राहणारी मुलगी आली नाही, म्हणून इंदुताईंना उभे केले, आणि तिथून त्यांची वाटचाल सुरू झाली. गावाने मात्र ‘सिनेमात गेली’ एवढ्या दोन शब्दांत तिचा निकाल लावून टाकला होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, यात आमच्या गावाचा हात कोणी धरत नाही.

सिनेमा सुरू होण्याआधी मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "गुरुजी, त्या पोरीचा सीन कोठ्यावरचा हाये म्हनं. आला की पुढं पळवा. आयाबहिनी बसल्यात राव." अध्यक्ष शाळा समितीवरही होते. मी मान हलवली.

ठकूबाई सर्वांत पुढे बसल्या होत्या. धुतलेले लुगडे, डोक्यावर पदर, हातात साखरेची पुडी. लेक दिसली की वाटायची म्हणून आणलेली. जन्मात एकही सिनेमा त्यांनी पाहिला नव्हता. कोठ्याचे झुंबर दिसले आणि मी बटण दाबले. दाराशी इंदुताई उभ्या होत्या. पडद्यावर आडव्या रेघा धावल्या, आवाज गेला, आणि त्या तुरुतुरु आत आल्या, हात भराभर हलले, तोंड उघडले, मिटले, आणि त्या गेल्या. हॉल खो खो हसला. पोरे तर जमिनीवर लोळली.

ठकूबाई मागे वळल्या. "गुरुजी, माजी इंदी काय म्हनली वं?"

दुपारभर प्रत्येक पात्राचे वाक्य न् वाक्य सांगणारा मी म्हणालो, "काही नाही मावशी. काही बोलली नाही."

"आस्सं," त्या म्हणाल्या. "लई घाईत व्हती जनू." मग त्यांनी पुडी सोडली आणि हसणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट साखर ठेवली. माझ्याही ठेवली. मी ती खाल्ली.

इथवरचे ऐकून कुणी म्हणेल, तरुण पोर, वरून हुकूम, चालायचेच. पण दुसऱ्या दिवशी दुपारी सामान परत न्यायला टेम्पो यायचा होता आणि मी हॉलमध्ये एकटा होतो. मी तो प्रसंग नीट लावून पाहिला. इंदुताई त्यात कोठ्यावरची बाई नव्हत्या. पळवून आणलेल्या मुलीला घरी न्यायला आलेली ती आई होती. दाराशी कितीतरी वेळ नुसती उभी राहते. मग मुलीजवळ जाते, आणि तिच्या गालाला हात लावण्याआधी दोन्ही हात पदराला पुसते. एकदा, दोनदा, तीनदा. मग एकच वाक्य बोलते: ‘चल बेटी, घर चल. रोटी ढककर आई हूँ.’ हात पुसण्याची ती तऱ्हा गावात सर्वांच्या ओळखीची होती. कांद्याच्या हाताने लेकराच्या डोळ्यांची आग होते, म्हणून ठकूबाई पोराला जवळ घेताना नेहमी तशाच हात पुसायच्या.

ठकूबाईंचे घर शाळेपासून हाकेवर होते. टेम्पो यायला अर्धा तास होता आणि लाईट होती. मी त्यांना बोलावले नाही. बोलावले असते तर काल का पळवले, असा प्रश्न आला असता, तो अध्यक्षांपर्यंत गेला असता, आणि माझी नोकरी कायम व्हायची होती. मी कॅसेट काढून डबीत ठेवली. त्या हिवाळ्यात ठकूबाई गेल्या.

आता गौरवाकडे वळतो.

इंदुताईंनी हिंदी चित्रपटांत जन्मभर काम केले, पण पोस्टरवर त्या कधी आल्या नाहीत. नर्स, शेजारीण, घरमालकीण, तुरुंगातली वॉर्डन, आणि आई. नायकापेक्षा नऊ वर्षांनी लहान असताना त्या त्याच्या आई झाल्या. "माझे केस पांढरे करायला एक तास लागायचा आणि त्याचे काळे करायला दीड," असे त्या सांगतात आणि स्वतःच हसतात. एका ओळीचे काम असले तरी अख्खे पान पाठ करून जायच्या. का, असे मी एकदा विचारले. म्हणाल्या, "सर, माझी ओळ कधी येते ते मला कळायला नको का? समोरच्याचं पुरतं ऐकल्याशिवाय आपली ओळ खरी होत नाही." सेटवर जेवणाच्या वेळी मोठ्या कलाकारांची पंगत निराळी असे. आईच्या भूमिका मिळू लागल्यावर त्यांनाही तिकडे बोलावणे आले, पण त्या घोळक्याच्या दृश्यांतल्या मुलींबरोबरच ताट घेऊन रांगेत उभ्या राहत राहिल्या. हे त्यांनी कधी सांगितले नाही. त्यांना भेटायला आलेल्या एका वृद्ध सहकारी बाईंनी माझ्या ओसरीवर बसून सांगितले.

साठी ओलांडल्यावर त्या गावी परतल्या. ज्या गावाने त्यांना पडद्यावर पुढे पळवले होते, त्याच गावाच्या शाळेत येऊन म्हणाल्या, "मुलांना मोठ्याने वाचायला शिकवीन म्हणते. चालेल का?" मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. चालेल, म्हणालो, त्यांच्या डोळ्यांकडे न पाहता म्हणालो. त्या दर बुधवारी येऊ लागल्या. आमची मुले वाचताना धडा संपवायच्या मागे लागत. ताई त्यांना थांबवायच्या. "अरे, कुठं आग लागली का? थांब. श्वास घे. त्या म्हातारीला बोलू दे की." अडखळणारी पोरे त्यांच्यापुढे अडखळायची थांबली, कारण त्या वाट पाहायच्या. पेठ, आळे, लोणी, जिथे जिथे वाचनाच्या स्पर्धा झाल्या, तिथे आमची मुले उभी राहिली की हॉल शांत व्हायचा.

एकदा शाळा सुटल्यावर त्या सहज म्हणाल्या, "सर, माझ्या एका कामाचं मला कधी कोडं सुटलं नाही. आईनं मला एकदाच पडद्यावर पाहिलं. पुढं मी एका दिवसासाठी आले तर म्हणाली, ‘इंदे, तू लई घाईत व्हतीस गं.’ मी त्या सीनमध्ये नुसती उभी असते हो! कॅसेटवाल्यांनी कापला असणार. मीही तिला काही सांगितलं नाही. म्हटलं, पुण्याला थेटरात नेऊन दाखवीनच. तोवर ती गेली." मी फळा पुसत होतो. कोरा झालेला फळा मी परत पुसला.

मग माझी पत्नी आजारी पडली. मुले परदेशी, मी घाबरट. ताई रोज सकाळी येऊन तिच्याजवळ बसत, तिची वेणी घालत, तिला पेपर वाचून दाखवत. पहिल्याच दिवशी तिच्या कपाळाला हात लावण्याआधी त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले, तीनदा. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. पत्नी जाण्याआधी मला म्हणाली, "या बाईंचे उपकार कसे फेडाल हो?" तिलाही मी काही सांगितले नव्हते. लग्न होऊन एवढी वर्षे झाली, तरी नाही.

आता गावात ताईंचे फ्लेक्स लागले आहेत. ‘गावची शान’ असे त्यावर लिहिले आहे, आणि खाली त्या दुपारी हसणाऱ्यांतल्या काहींचे हसरे फोटो आहेत. त्यांना बोल लावण्याचा मला अधिकार नाही. ते हसले ते मी दाखवलेल्या गोष्टीला.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो घेऊन ताईंकडे गेलो आणि त्यांना वाचून दाखवला. ठकूबाईंच्या फोटोखाली त्या बसल्या होत्या. मी भराभर वाचू लागलो. सवयीने त्या म्हणाल्या, "सावकाश, सर." मी सावकाश वाचले. त्या ऐकत होत्या, जशा त्या नेहमी ऐकतात. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "लोक हसले तेव्हा आई हसली का?"

"नाही," मी म्हणालो. "त्या तुम्हाला शोधत होत्या."

मग त्या म्हणाल्या, "सर, मला तुमचा फार राग आलाय. तुम्ही एवढे जवळचे, तरी आलाय. लेख छापा. पण त्यात ‘ताईंनी मोठ्या मनानं माफ केलं’ असलं काही लिहू नका. मी अजून केलेलं नाही."

मी उठलो. दाराशी गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली. "ती तुम्हाला काय विचारत होती?"

"माजी इंदी काय म्हनली, असं."

"मग सांगा की तिला. तुमचंच काम होतं ते."

मी फोटोसमोर उभा राहिलो. पासष्ट वर्षांचा माणूस, हिंदीचा शिक्षक. "मावशी," मी म्हणालो, "इंदू म्हणाली, चल मुली, घरी चल. भाकरी झाकून आले आहे."

"असं नाही," ताई म्हणाल्या. "सिनेमात लांबलचक डायलॉग होता. मीच बदलून घेतला. लहानपणी मी तमाशाच्या तंबूशी जाऊन बसायचे, तेव्हा आई मला न्यायला यायची. ‘चल इंदे, घरी चल. भाकर झाकून आलीया.’ तिचंच वाक्य होतं, सर. तिला ऐकवायला घेतलेलं."

मी ठकूबाईंच्याच शब्दांत ते पुन्हा सांगितले. ताईंनी मान हलवली आणि मला जायला सांगितले.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. ते मी मनापासून आणि थोड्या स्वार्थाने चिंततो. इंदुताईंना उत्तम आरोग्य लाभो, त्यांचे बुधवार असेच चालू राहोत, आणि माझ्यावरचा त्यांचा राग जायला जितकी वर्षे लागतील तितकी सगळी त्यांना मिळोत. तो त्यांनी सावकाश जाऊ द्यावा. मी थांबलो आहे. या वेळी पुढे पळवणार नाही.