रेफरचा रकाना

शाहपूरजवळच्या आरोग्य केंद्राचं मूल्यमापन करायला मी दर महिन्याला बुऱ्हाणपूरहून बसने जाते. तिथली सिस्टर ट्रे पुसता पुसता माझ्या प्रश्नांची उत्तरं देते. बाळंतपणं किती, लसी किती, सगळं तिला तोंडपाठ असतं. रेफरच्या रकान्याशी मात्र ती थांबते. अडलेल्या बाईला गाडीत घालून बुऱ्हाणपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, की माझ्या फॉर्मपुरतं काम संपतं. सिस्टरचं संपत नाही. केळीच्या ट्रकवाल्यापासून माझ्यापर्यंत, बुऱ्हाणपूरहून येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारते, "काही पता लागला का हो तिचा?"

अनोळखी माणसांशी बोलताना माझी जीभ अडखळते, हे तिला ठाऊक आहे. तरी गेल्या खेपेला म्हणालीच, "तुम्ही मॅडम लोक फॉर्म तर फार भरता. एकदा आत जाऊन विचारा ना. सोमवारी पाठवलेली पहिलटकरीण."

दुसऱ्या दिवशी मी त्या मोठ्या दवाखान्यात गेले. तीन टेबलांवर विचारलं, आणि बाहेर येऊन तिला फोन लावला. मुलगी झाली होती. दोघी बऱ्या होत्या.

"चला, छान झालं," ती हसून म्हणाली. मग पलीकडे रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला.

"आणि मॅडम, तिच्या आधीची?"