आईच्या दगडाला शेंदूर

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितो. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या, माझी शाळा चौथीपर्यंतच.

आम्ही धनगर. आमच्या घरात माणूस गेलं की जाळत नाहीत, पुरतात आणि वर दगड उभा करतात. चिकलठाण्याजवळच्या आमच्या जुन्या दफनाच्या जागेत माझी आई आहे. आता तिथं फ्लॅट झालेत. मशीननं दगड उपटले असं काल कळलं आणि आज सकाळीच तिथं गेलो.

बाकीचे सगळे दगड गेले होते. आईचा मात्र पार्किंगच्या कोपऱ्यात उभा होता. त्याला शेंदूर फासलेला, पुढं नारळ. वडिलांनी कोरलेली मेंढी शेंदरातूनही दिसत होती.

तिथली एक बाई त्या दगडावर पाणी घालत होती. म्हणाली, "काका, लई जागृत देव हाय. ही मेंढी बघून मशीनवाला हात जोडून मागं फिरला. कोणता देव हाय, तुम्हाला ठाऊक हाय का?"

आईचं नाव ओठावर आलं. पण खाली माणूस पुरलंय कळलं तर उद्याच दगड काढतील.

म्हणालो, "देव नाय बाई, देवी हाय. तिला दूध-भाकरी आवडते."

"अगंबाई! आन् आम्ही नारळ फोडतोय. उद्यापासून भाकरी ठेवते."

माझी आई पदरात कोकरू घेऊन मेंढरांमागं चालायची आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायची. तिला कधी कुणी ताट वाढलं नाही.

मंडळी, त्या बाईला खरं सांगू, का आईला जेवू देऊ?