तिसऱ्या दाराची कडी

बारावीनंतर मी बाबांबरोबर माणगावजवळचं एक कॉलेज बघायला गेले होते. विचारायचे प्रश्न लिहून नेलेला कागद मी घडीही न उघडता पर्समध्ये ठेवून दिला.

हॉस्टेल दाखवताना सगळे मेसचं कौतुक ऐकत होते. मुलीसाठी थळहून एकटीच आलेली एक कोळीण मात्र बाथरूममध्ये शिरून एकेका दाराची कडी आतून लावून बघत होती.

"मासली घेताना कल्ला उघडून ताजी हाय का बघतो, मंग पोरीला ठेवताना कडी नको बघायला?" ती मला म्हणाली. "तिसरी लागत न्हाय. ध्यानात ठेव."

मी तिथेच प्रवेश घेतला. तक्रारी करूनही ती कडी अजून लागत नाही. तिसऱ्या दारामागे कुणीही गेलं, की मी बाहेर उभी राहते. या मुलींतली त्या कोळणीची मुलगी कोणती, मला माहीत नाही.