कुकुरुझ कुणाचा?

मका कुठूनही येवो, 'कुकुरुझ' हे त्याचं नाव आपल्याच अंगणात जन्मलं, अशी राडिवोयची पक्की खात्री. सर्बियातल्या बानात प्रांतातल्या आमच्या गावात दरवर्षी कणसं सोलायला सगळी आळी त्याच्याकडे जमायची. हातांबरोबर तोंडंही चालायची.

"बायका कोंबड्यांना दाणे टाकताना काय ओरडतात? कुकुरू, कुकुरू! त्यातूनच आलं," राडिवोय गरजायचा.

समोरचा रुमानियन शेजारी त्रिफू लगेच उसळायचा. "हट्! आमच्या डोंगरात पाइनच्या बोंडाला पिढ्यान्‌पिढ्या कुकुरुझ म्हणतात. कणीस दिसतंही तसंच."

गावचे मास्तर मध्येच 'शब्द तुर्कांचा' म्हणायचे, मग दोघं मिळून मास्तरांनाच गप्प करायचे.

गेल्या वर्षी मात्र शब्दाने शब्द वाढला. त्रिफू तावातावाने निघून गेला. हिवाळ्यात राडिवोय वारला आणि अबोला तसाच राहिला.

यंदाचा मका त्याच्या बायकोने, जिवानाने, एकटीने पिकवला. बाई ताठ कण्याची! सोलणीचं बोलावणं दारात जाऊन द्यायचं असतं. जे दार वगळलं, त्या घराशी संबंध तुटले ते तुटलेच. जिवाना त्रिफूच्या दारात उभी राहिली.

"भाऊजी, दुपारनंतर या. पण आधीच सांगते, यांचं म्हणणं मी सोडणार नाही."

त्रिफू नुसता 'हं' म्हणाला.

आला मात्र, आणि खाली मान घालून सोलत बसला. कुणी विषयच काढेना. आणि नेमकं लाल कणीस लागलं त्याच्याच हाती! लाल कणीस सापडेल त्याने कुणाकडूनही मुका मागावा, नाहीतर दुसरं काही, अशी रीत. नाही म्हणायची सोय नाही.

"वहिनी, गाल पुसून ठेवा!" शेजारची स्मिल्का जिवानाकडे बघून खिदळली.

त्रिफू उठून समोर आला तशी जिवानाने ओळखलं. मुक्याचं सोडा, हा आता 'शब्द आमचा' असं कबूल करायला लावणार. चार लोकांत नवऱ्याला खोटं पाडायचं?

"मुका नको," त्रिफू म्हणाला. "वहिनी, एकदा भांडा माझ्याशी. तो भांडायचा तसं."

जिवानाने ॲप्रनवरची सालं झटकली आणि कमरेवर हात ठेवले. नवऱ्याच्या अभिमानाने तिचा ऊर भरून आला होता.

"कुकुरू, कुकुरू! याच अंगणात जन्मलं ते नाव, भाऊजी! तुमची बोंडं न्या डोंगरात!"

दाणे मिळणार म्हणून साऱ्या कोंबड्या तुरुतुरु धावत आल्या.

"कोंबड्यांची साक्ष चालणार नाही!" त्रिफू ओरडला, आणि डोळे पुसत राडिवोयच्या रिकाम्या स्टुलावर जाऊन बसला.