पोत्याखालची मिरची

पोतं उचललं आणि माझ्या तोंडून "अव माय!" एवढंच निघालं. खाली मिरचीचं रोप नव्हतंच. पांढऱ्याफटक, बोट-बोट लांब, आडव्या पडलेल्या शेवया होत्या नुसत्या. हात लावला तर बोटाला चिकटून आल्या.

हे बी आईनं राखलेलं, गावरान मिरचीचं. आई गेली त्याला दीड वर्ष झालं. गावात आता कुणाकडेच हे बी नाही. आणि मी अतिशहाणीनं डबी झटकून होतं नव्हतं तेवढं एकाच वाफ्यात पेरलं होतं.

पेरलं त्या दिवशीच, वर झाकायचं कशानं, यावरून बाबांशी माझं वाजलं. ते टोपलंभर गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, घेऊन आले होते.

"पातळ पसरू. कोंब त्यातून आपोआप वर येते. तुई माय कुटारच टाके."

माझ्या डोक्यात मात्र मोबाइलवरच्या व्हिडिओतलं ओलं पोतं पक्कं बसलेलं. ओल टिकते, मुंग्या बी नेत नाहीत, आणि कोंब दिसले की पोतं काढून टाकायचं, बस. "बाबा, तुमाले यातलं काही समजत नाही. मी सांगेपर्यंत हात नोका लावू!" मी एका झटक्यात तोडून टाकलं. बाबांनी टोपलं उचललं आणि गोठ्यात नेऊन ठेवलं.

दोन दिवसांनी मी बहिणीच्या बाळंतपणासाठी शेगावला गेले. चार दिवसांचं म्हणून गेले, बारा दिवस राहिले. रोज फोनवर बाबांना विचारायची, पाणी टाकलं का? टाकलं, म्हणायचे. एकदा ते काही सांगायला लागले, तर बाळ रडत होतं, "मंग बोलू, बाबा," म्हणून मी फोन ठेवला. पोत्याचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

"पाणी टाकत होते ना तुमी?" आता मी वाफ्यापाशी उभी राहून ओरडत होते. "मंग दिसलं नाही तुमाले?"

"दिसलं ना. आठव्या दिशीच दिसलं. पोतं मधात जरासं वर आलं होतं."

"मंग काढलं काऊन नाही?"

बाबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. "तू म्हणली होती, हात नोका लावू. काढलं असतं तर चिडली असती."

मी हबकलेच. हा माणूस पन्नास वर्षं शेत पेरत आला. याच्या नुसत्या खाकरण्यानं आम्ही बहिणी अभ्यासाला बसायचो. तो सहा दिवस झारी घेऊन इथं उभा राहिला, आईचं बी खाली गुदमरतंय हे त्याला कळत होतं, आणि माझ्या भीतीनं त्यानं एक पोतं उचललं नाही. माझ्या भीतीनं! मी अशी कधी झाले? मिरचीचं दुःख राहिलं बाजूला, मला स्वतःचीच लाज वाटली आणि रडू फुटलं.

पोतं एका कडेला तोकडं पडलं होतं. तिथं अकरा रोपं निघाली, बुटकी, पण हिरवी. मी डोळे पुसून खाली बसले.

"बाबा, ऊन लागून राह्यलं यायले. आता बुडाशी काय टाकू? तुमी सांगा."

मी खरंच विचारतेय का, हे त्यांनी आधी माझ्या चेहऱ्यावर बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "कुटार आणू? चालन तुले?"