मुहूर्त सिमेंटला कळत नाही

"या जावईबापू! पाट मांडू का?"

इस्त्रीचा शर्ट घालून साइटवर येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनियरचं आमचे साहेब असंच स्वागत करायचे. माझंही केलं. मी नुकता पदवी घेऊन बाहेर पडलेलो. सरकारी भरती बंद, म्हणून वडिलांनी हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या घरातून जवळजवळ ढकलूनच या खासगी साइटवर पाठवलं होतं. पहिल्याच सकाळी साहेबांनी मला वाळू चाळायला लावली. संताप संताप झाला माझा.

साहेब सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन या साइटची देखरेख करायचे, बरकतपुऱ्यात राहायचे. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, चहा कडक नसला तरी ज्याचा आवाज चढतो. मराठी, तेलुगू, दख्खनी, तिन्हींत त्यांना शिव्या अस्खलित. पण मजूरबायांना मात्र "अम्मा" शिवाय हाक नाही.

तेव्हा हैदराबादेत पैशाचा पूर आला होता. बाहेरच्या कंपन्या येणार, अमेरिकेतली मुलं फ्लॅट घेणार, सगळ्यांना सगळं कालच हवं. आमच्या बिल्डर सेठला तर जास्तच. गिऱ्हाइकांना दाखवायच्या फ्लॅटच्या पूजेचा मुहूर्त निघाला आणि नेमकी प्रवेशदारावरची बाल्कनी नुकतीच ओतलेली, टेकूंवर उभी.

"साब, टेकू निकालो," सेठ म्हणाला. "फोटू में अच्छा नै दिखता. परसों मुहूरत है."

"मुहूरत सिमेंट को नै मालूम, सेठ. कच्ची है. गिरेगी."

"पंडितजी को क्या बोलूं?"

"उनकू बोलो, नीचे बैठ के पूजा करो!"

आम्ही फिदीफिदी हसलो. सेठ हसला नाही. संध्याकाळी त्यानं सगळ्यांसमोर साहेबांना सांगितलं, "कल से आना नक्को."

त्या बाल्कनीखाली दुष्काळी पालमूरकडून आलेल्या मजुरांची बिऱ्हाडं होती. चूल तिथंच, निजणं तिथंच. त्यात एक ओली बाळंतीण. साहेब घरी जायचे सोडून तिथं गेले. "लेवम्मा, लेवम्मा," करत एकेकीला उठवलं. बाया कुरकुरल्या, एक तर चक्क भांडली. साहेबांनी तिच्यावर तोंड टाकलं आणि तिचीच हंडी स्वतः उचलून कुंपणापाशी नेऊन ठेवली. बाळंतिणीसाठी कण्हेरीच्या आडोशाला ताडपत्री बांधली. मग डबा घेऊन बसस्टॉपकडे चालू लागले. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकू काढले. मी आडवा गेलो, तर सेठनं "कल का छोकरा!" म्हणून बाजूला सारलं. दुपारी जेवणाच्या वेळी बाल्कनी खाली आली. धूळ बसली तेव्हा पाहिलं, चुलीचे दगड होते तिथं काँक्रीटचा ढीग पडला होता.

सेठ घामाघूम होऊन आला, कुणी मेलं नाही म्हटल्यावर त्यानं आकाशाकडे बघून हात जोडले. "भगवान ने बचाया!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "भगवान नै सेठ, जिनको कल आप निकाले, वो बचाए!" झालं, मलाही गेट दाखवलं.

तसाच साहेबांकडे बरकतपुऱ्यात गेलो. दारातच सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाळंतीण?"

"कण्हेरीखाली होती, साहेब. बाळाला पाजत होती."

ते मटकन पायरीवर बसले. "बरं झालं रे. बरं झालं," म्हणत चष्मा काढून बनियनला पुसत राहिले. त्या दिवशी त्यांना एकही शिवी सुचली नाही.

पुढं कुठल्याच बिल्डरनं त्यांना दारात उभं केलं नाही. म्हणे म्हातारा भांडकुदळ आहे! घरी बसून बसून गेले बिचारे.

बाल्कनी पुन्हा ओतली गेली. तिच्या खाली सेठनं संगमरवरी देव्हारा बांधलाय, माणसं वाचवल्याबद्दल. येणारे-जाणारे तिथं थांबून नमस्कार करतात. मी करत नाही.